काजवा गैरहजर

मॅडम: ...आणि मी मुद्दाम वाचलेलं नाही, सर. माझ्या चार्जरला हा जुना फोन लावलेला दिसला, म्हटलं कोणाचा आहे बघावं, तर नेमका तेव्हाच उजळला. आता दिसलं ते दिसलं.

सर: काय दिसलं?

मॅडम: 'काजवा, तू माझ्यावर रागावलीस का?'

सर: आणा तो फोन इकडे.

मॅडम: देते. पण तुमच्या वर्गातल्या काजव्याचे निरोप तुमच्या फोनवर कशाला येतात, ते आधी सांगा.

सर: हळू बोला हो. दार उघडं आहे.

मॅडम: स्टाफरूममध्ये आपण दोघंच आहोत. बाकी सगळे वर पेपर तपासायला गेलेत. म्हणजे... थांबा. सर! काजवा तुम्ही आहात?

सर: मॅडम, आधी दार लोटा.

मॅडम: अहो, अख्खं कॉलेज काजव्याला शोधतंय! कॅन्टीनमध्ये पैजा लागल्यात. मी स्वतः तुमच्या त्या लाल टोपीवाल्या पोरावर संशय घेऊन बसले होते. रोज त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसते मी. तो बिचारा घाबरून रस्ता बदलतो.

सर: हसा. हसून घ्या.

मॅडम: हसू नको तर काय करू? ते ॲप तुमच्या गळ्यात मीच मारलं. मुलांनी फोनवरून टोपणनावाने प्रश्न लिहायचा, तो समोरच्या पडद्यावर उमटतो, कोणी लिहिला ते कोणालाच कळत नाही. शिक्षकालासुद्धा नाही. वर्गात तोंड न उघडणारी मुलं बोलती व्हावीत म्हणून. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांनी चोरून प्रश्न विचारावेत म्हणून नव्हे!

सर: बोलती कुठे झाली होती? पहिला आठवडा आठवतो का तुम्हाला? तुम्ही पडदा लावून दिलात आणि निघून गेलात. मी शिकवतोय, आणि माझ्या डोक्यामागे हीऽ एवढाली अक्षरं, 'अजून एकही प्रश्न आलेला नाही'. तासभर.

मॅडम: ते वाक्य बदलता येतं. सेटिंगमध्ये आहे.

सर: तुमचं सगळं सेटिंगमध्ये असतं. मॅडम, इतकी वर्षं मी 'काही शंका?' विचारत आलो आणि विचारता विचारता फळ्याकडे वळत आलो. कोणी विचारणार नाही हे मला माहीत, त्यांनाही माहीत. पण निदान माझी पाठ असायची त्यांच्याकडे. त्या पडद्याने ती सोय काढून घेतली. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलं ती ओळ बघून खुसुखुसु हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम: म्हणून हा फोन.

सर: घरी धूळ खात पडला होता. आणला. टेबलाच्या खणात ठेवून लिहिलं, 'सरासरी आणि मध्यक यात फरक काय, खरंच कळलं नाही.' आणि मग पडद्याकडे वळून म्हणालो, 'अरे वा, चांगला प्रश्न आहे.'

मॅडम: स्वतःच्याच प्रश्नाला!

सर: म्हणालो खरा. तुमच्या तोंडून ऐकताना आता कसंतरी होतंय. पण त्याच दिवशी आणखी एक प्रश्न आला. माझा नव्हे, खरा. दुसऱ्या दिवशी दोन-तीन. काजवा अगदी बावळट प्रश्न विचारायचा ना, त्यामुळे बाकीच्यांना वाटलं, एवढं तर आपणही विचारू शकतो. हळूहळू गाडी रुळावर आली.

मॅडम: इतकी आली की प्राचार्यांनी तुम्हाला सोमवारी सगळ्या स्टाफपुढे डेमो द्यायला सांगितलाय. 'वर्ग बोलका कसा करावा'.

सर: त्याचं नाव काढू नका.

मॅडम: बरं, एवढं तोंड पाडू नका. कोणाचा खून नाही केलात. आता मुलं आपली आपण विचारतात ना? मग काजव्याला गुपचूप निवृत्त करून टाका.

सर: केलाय. आठवडा झाला.

मॅडम: मग झालं तर. पण मग हे 'रागावलीस का' कोण विचारतंय? आणि रागावलीस? ही तुम्हाला मुलगी समजतेय?

सर: खोडरबर.

मॅडम: काय?

सर: टोपणनाव आहे तिचं. काजव्याने काही विचारलं की खाली लगेच खोडरबर लिहायची, 'थँक्यू, मलाही हेच विचारायचं होतं.' मग एक दिवस ती फक्त काजव्याला दिसेल असं लिहायला लागली. तसं लिहिता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मॅडम: ते बंद ठेवा म्हणून मी सांगितलं होतं, सर. तुम्ही उत्तर दिलंत?

सर: नाही दिलं तर पोरीचा हिरमोड होईल असं वाटलं. एका ओळीचं दिलं.

मॅडम: आणि पुढे?

सर: पुढे... ती लिहायची, मी उत्तर द्यायचो.

मॅडम: किती वेळा?

सर: मोजलं नाही. संख्याशास्त्राचा माणूस असून मोजलं नाही.

मॅडम: काय काय लिहिलंय तिने?

सर: ते मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढी तरी लाज राहू द्या माझ्याकडे.

मॅडम: सर, आता मला हसू येत नाहीये.

(दारावर टकटक होते. एक मुलगी दार थोडं ढकलून उंबऱ्यातच उभी राहते.)

मुलगी: सर, येऊ का? ओह... मॅडम पण आहेत. मग मी... मी नंतर येते.

सर: ये ये. बस.

मुलगी: नाही, उभीच राहते. खरं म्हणजे दोघं आहात ते बरंच आहे. मला... म्हणजे तुम्ही सांगितलं होतं ना सर, ॲपवर कोणाचं नाव कोणाला दिसत नाही. ते माहितीय मला. पण मॅडमना दिसत असेल ना? ॲप त्याच बघतात. मला नाव नकोय. खरंच नकोय. नुसता एक निरोप द्यायचा होता.

मॅडम: कोणाला?

मुलगी: काजवाला.

मॅडम: बरं. आणि तू कोण?

मुलगी: मी खोडरबर. सॉरी, म्हणजे मी सरांच्याच वर्गात आहे. सर मला ओळखत नसतील. मी काही बोलत नाही ना वर्गात.

सर: ओळखतो. खिडकीकडच्या रांगेत बसतेस.

मुलगी: हो. सर, काजवा आठवडाभर आली नाहीये.

सर: बघ, एखादा आठवडा कोणाला काही विचारायचं नसतं. असं होतं.

मुलगी: नाही सर. ती माझ्यामुळे यायची थांबली.

सर: तुझ्यामुळे? छे, तुझ्यामुळे कशाला?

मुलगी: मी तिला भेटायला बोलावलं. लायब्ररीच्या जिन्याखाली बाक आहे ना, तिथे. लिहिलं की मी निळी पिशवी घेऊन बसेन, तू नुसती बघून गेलीस तरी चालेल. ती नाही आली. दुसऱ्या दिवशी पण बसले, म्हटलं आदल्या दिवशी प्रॅक्टिकल असेल. आणि मग बघितलं तर तिने वर्गात लिहायचंच बंद केलं.

मॅडम: अगं, योगायोग असेल तो.

मुलगी: मला आधीच कळायला हवं होतं, मॅडम. ती टोपणनावाने लिहायची म्हणजे तिलाही तोंड दाखवायचं नसणार. मला नाही का वाटत तसं? इतकं समजत असून मी हावरटपणा केला. मला तर तेवढंही पुरत होतं, वर्गात बसल्यावर वाटायचं, इथे कुठेतरी ती आहे. मीच घालवलं. आता तिचे प्रश्न पण गेले, म्हणजे बाकीच्यांचं पण नुकसान. म्हणून तिला एवढंच सांगा, मी परत नाही बोलावणार. मला उत्तर नाही दिलं तरी चालेल. पण वर्गात लिहीत जा म्हणावं.

सर: तू... पाणी घेतेस का?

मुलगी: नको सर. सॉरी, तुमचा वेळ घेतेय.

मॅडम: इकडे बघ माझ्याकडे. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. ती आता या कॉलेजातच नाही.

मुलगी: म्हणजे?

मॅडम: तिच्या वडिलांची बदली झाली. घाईघाईत जावं लागलं सगळ्यांना. नाव मी सांगू शकत नाही, पण मला माहितीय. तू बोलावलंस त्याच्या आधीच ठरलं होतं.

मुलगी: खरंच?

मॅडम: अगदी खरं.

मुलगी: म्हणजे तिने माझं वाचलंच नसेल कदाचित?

मॅडम: सामानसुमान बांधायच्या गडबडीत कुठलं वाचायला?

मुलगी: बरं झालं. म्हणजे बरं नाही, ती गेली ते वाईट झालं. पण मी रात्रंदिवस... जाऊ दे. मला काय काय वाटत होतं. मॅडम, जाताना काही म्हणाली का हो ती? खोडरबरबद्दल?

मॅडम: म्हणाली की... नीट अभ्यास कर म्हणावं. चांगले मार्क मिळव.

मुलगी: असं म्हणाली?

मॅडम: का?

मुलगी: नाही, ती असं बोलत नाही. ती नेहमी म्हणायची, मार्क गेले खड्ड्यात, तुला समजलं का ते बघ. पण निघायच्या घाईत असेल. तिच्या नव्या कॉलेजात पण असा पडदा असेल का हो? मला तिथे लिहिता येईल? आपल्याच ॲपमधून जातं का दुसरीकडे?

मॅडम: ते बघावं लागेल. म्हणजे मी बघते, सेटिंग—

सर: मॅडम, पुरे.

मॅडम: सर, मी बोलतेय ना तिच्याशी. तुम्हाला तास आहे, तुम्ही निघा.

सर: पुरे म्हटलं. बाळ, तू बस आधी. मॅडम तुझ्यासाठी खोटं बोलल्या. तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. कोणाची बदली झालेली नाही. काजवा मी आहे.

मुलगी: नाही.

सर: मीच आहे.

मुलगी: नाही सर. तुम्ही कसे असाल? काजवाला सहसंबंधाचं गणित येत नव्हतं. मी शिकवलं तिला. सगळ्या पायऱ्या लिहून पाठवल्या, दोनदा. दुसऱ्यांदा तिला जमलं.

सर: छान लिहिल्या होत्यास. माझ्यापेक्षा सोप्या.

मुलगी: पण तुम्हाला येतं ते.

सर: हो.

मुलगी: म्हणजे मी जे... नाही. मी आता लिहिते काहीतरी. हे बघा, पाठवलं.

मॅडम: सर, फोन.

सर: आला. 'तू कोण आहेस' असं लिहिलंयस.

मुलगी: तो टेबलावरचा फोन?

सर: हा फोन. वर्गात बाकीच्यांनी बोलावं म्हणून सुरू केलं होतं. कोणीच काही विचारत नव्हतं, मला लाज वाटायची. कोणाचं नुकसान होईल असं डोक्यातही आलं नव्हतं. पण तू मला लिहायला लागलीस तेव्हा थांबायला हवं होतं. नाही थांबलो.

मुलगी: का?

सर: बरं वाटायचं. इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने मला 'तू नसतीस तर मी हा विषय सोडला असता' असं म्हटलेलं नाही. तुझं ते काजव्याला होतं, मला नव्हतं, हे कळत होतं. तरी घेतलं मी ते.

मुलगी: मी बाकावर बसले होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं.

सर: हो.

मुलगी: तुम्ही आला होतात?

सर: पुस्तक परत करायला निघालो होतो. तू कोण ते मला तोवर माहीत नव्हतं. लांबून ती पिशवी दिसली, मग तू दिसलीस. ही आपल्या खिडकीकडच्या रांगेतली, एवढं ओळखलं आणि तसाच मागे फिरलो.

मुलगी: मी तुम्हाला बघितलं होतं, सर. पाठमोरं. मला वाटलं, सर काहीतरी विसरले.

मॅडम: सर, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

सर: कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

मुलगी: आणि दुसऱ्या दिवशी?

सर: दुसऱ्या दिवशी त्या बाजूला फिरकलोच नाही. तू बसली असशील हे माहीत होतं. इथे, याच खुर्चीत बसून राहिलो. मग काजवा बंद केला. वाटलं, आपोआप विसरशील.

मुलगी: मी तिला शाळेतलं सांगितलं होतं. उत्तर द्यायला उभी राहिले तेव्हा काय झालं ते. मी कोणालाच सांगितलेलं नाही ते. कोणालाच.

सर: हो.

मुलगी: तुम्ही वाचलंत ते. आणि मग वर्गात येऊन हजेरी घेतलीत. माझं नाव पुकारलंत.

सर: हो.

मुलगी: तुम्ही लिहिलं होतं, माझ्या बाबतीतही असंच झालंय.

सर: ते खोटं नव्हतं. पण ते तुझ्या वयाचा असताना झालं होतं. आता मला कोणी हसलं तर मी त्याला वर्गाबाहेर काढू शकतो. तुला ते करता येत नाही. हे मी लिहिलं नाही.

मुलगी: मी विचारलं होतं, तू मुलगी आहेस ना? तर हसरा चेहरा पाठवलात.

सर: सगळ्यात जास्त लाज मला त्या चेहऱ्याची वाटते. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तो पिवळा चेहरा. लहान पोरांसारखी पळवाट काढली.

मॅडम: मीसुद्धा आत्ता खोटंच बोलले तुझ्याशी. मला माफ कर.

मुलगी: तुम्ही सांगितलंत तेव्हा बरं वाटलं होतं, मॅडम. थोडा वेळ.

सर: मी सोमवारचा डेमो रद्द करतो. आणि आजच्या तासाला वर्गात उभा राहून सगळं सांगतो. काजवा मी होतो, मुलांना फसवलं, माफी मागतो.

मुलगी: नको.

सर: नको कसं? सगळ्यांपुढे फसवलं तर माफीही सगळ्यांपुढेच मागायला हवी.

मुलगी: तुम्ही मोकळे व्हाल, सर. मुलं दोन दिवस हसतील, मग म्हणतील, सर भारी आहेत, कबूल केलं. पण काजवाच्या प्रत्येक प्रश्नाखाली कोण थँक्यू थँक्यू करत होतं, ते सगळ्यांनी पडद्यावर बघितलंय. मग कॅन्टीनमध्ये पैजा लागतील, सरांच्या फोनशी मैत्री करणारी खोडरबर कोण?

मॅडम: ती बरोबर बोलतेय, सर.

सर: मग मी काय करू? तू सांगशील ते करतो.

मुलगी: मी काय सांगणार? तुम्ही सर आहात ना.

सर: आहे. म्हणजे... बरं. वर्गात नाही सांगत. प्राचार्यांना सांगतो, बंद दाराआड, तुझा उल्लेख न करता. आणि तुझं लिहिलेलं सगळं या फोनवरून तुझ्यादेखत पुसतो.

मुलगी: माझं पुसा. काजवाचं राहू द्या.

सर: काजव्याचं?

मुलगी: म्हणजे... माझ्या फोनमध्ये तिचं आहे ते. ते तुमच्याकडून पुसलं की माझ्याकडचं पण जातं का, मॅडम?

मॅडम: नाही. तुझ्याकडचं तुझ्याकडे राहतं.

मुलगी: बरं. नको असेल तर मी नंतर पुसेन. आज नको.

सर: तुझ्यापुढे मान वर करून बोलायची माझी लायकी नाही. पण एक सांगू का? तुला तो विषय येतो. ते काजव्यामुळे नाही. ते तुझं आहे.

मुलगी: हे आत्ता कोण सांगतंय मला, सर? तुम्ही की काजवा?

मॅडम: घंटा झाली, सर.

सर: ऐकली. बाळ, आज वर्गात बसू नकोस. मी हजेरी लावतो तुझी. सरळ घरी जा, पड जरा.

मुलगी: घरी नको, सर.

मॅडम: का गं? घरी कोणी नाही का?

मुलगी: आई आहे. मी दारात चप्पल काढायच्या आत ती रोज विचारते, आज काय म्हणाली तुझी मैत्रीण?